नाना हसत गेले नाहीत

नाना, तुमच्या चितेजवळ पाच जण बोलले. सरपंच, विकास सोसायटीचे चेअरमन, तुमच्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक, तालुक्याच्या वाशीहून आलेले एक पुढारी आणि शेवटी तुमचा एक जुना विद्यार्थी, जो आता पोलिसात आहे. स्पीकर चांगला होता. ओढ्याकाठच्या स्मशानापासून आपलं घर लांब नाही, त्यामुळे अंगणात बसलेल्या आम्हा बायकांना शब्दन् शब्द ऐकू आला. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या गावात बायका स्मशानात जात नाहीत.

आणि अग्नी दिल्यावर पुरुष लगेच परत येत नाहीत. खाली बसतात, मग भाषणं होतात. धाराशिवच्या आमच्या ऑफिसात पुण्याहून नवीन आलेल्या एका उपसंपादकाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "स्मशानात माईक?" मी म्हटलं, माईक अलीकडचा आहे, बोलणारा माणूस आधीपासून आहे. तो माणूस म्हणजे माझे वडील, हे मी त्याला सांगितलं नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही मास्तर होतात. निवृत्त होऊनही पंधरा-वीस वर्षं झाली होती, पण माझ्या लहानपणापासून गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तुमच्याशिवाय कुणाला निरोप दिला गेल्याचं मला आठवत नाही. लोक डॉक्टरच्या आधी तुम्हाला फोन करायचे, असं गावातले दगडूतात्या म्हणायचे. तुम्ही धोतर बदलायचात, टोपी घालायचात आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून निघायचात. तुमची भाषणं मी लहानपणी घरात ऐकली, कारण तुम्ही ती अंघोळ करताना म्हणून बघायचात. त्यात माणसाच्या वयाप्रमाणे फरक असायचा. ऐंशीच्या पुढचा असेल तर "मरणाचं सोनं झालं". पन्नाशीतला असेल तर "घराचा खांब गेला". मोटारसायकलवरून पडून गेलेला तरुण असेल तर "काळानं घाला घातला". फार लहान मूल असेल तर तुम्ही जायचात, पण बोलायचा नाहीत. आणि आजारपणात गेलेला जवान पोरगा असेल, तर तुम्ही म्हणायचात, "तो हसत गेला."

आपलं भांडण शब्दांवरूनच व्हायचं. मी पेपरात लागल्यावर गावाकडच्या निधन वार्ता तुम्ही मला फोनवर सांगू लागलात.

"लिही. अल्पशा आजाराने."

"नाना, काकू दोन वर्षं अंथरुणाला होत्या."

"अगं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. छापायचं कशाला?"

"मग खोटं छापायचं कशाला?"

"ते खोटं नाही. ती रीत आहे. तुला कळायचं नाही, तुझं वय नाही."

मी 'दीर्घ आजाराने' असं छापायची. तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करायचा नाहीत, तिसऱ्या दिवशी करायचात. हे भांडण मिटलं नाही. मी पन्नाशीला आले तरी माझं वय झालं नव्हतं.

तुमचं एक भाषण मात्र मी कधी विसरणार नाही, आणि ते इथं लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. महामार्गावरच्या ढाब्यामागं कुठल्याशा ट्रकमधून उतरलेला एक माणूस झोपेतच गेला होता. परराज्यातला, जवळ काही ओळखपत्र नाही. पोलिसांनी वाट पाहिली, कुणी आलं नाही, मग ढाबेवाल्याने, दोघा गावकऱ्यांनी आणि तुम्ही अंत्यविधी केला. मी बातमीसाठी आले होते, ओढ्याच्या या काठावर उभी होते. तुम्ही सरणापुढं उभे राहिलात आणि म्हणालात, "याचं नाव आम्हाला माहीत नाही. याच्या घरी अजून कुणीतरी वाट बघत असेल. त्यांना हे कळेपर्यंत आपण चौघं त्याचे आहोत." बस, एवढंच. त्यात रीत नव्हती. मी ते तसंच्या तसं छापलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या बापाला खरं बोलता येतं. म्हणून तर राग जास्त आहे.

संजू गेला तेव्हा मी धाराशिवला होस्टेलवर होते. तो सतरा वर्षांचा होता, माझ्याहून धाकटा. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. सोलापूरहून त्याला घरी आणलं होतं. मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात शिरले तर भेटायला आलेले लोक आईला एकच सांगत होते, "तुमचा संजू हसत गेला म्हणं. मास्तर सांगत होते." स्वतःच्या पोराच्या सरणापुढंही तुम्ही बोलला होतात. गडी माणसं ओढ्यावरून परत येताना ते वाक्य घेऊन आली होती, आणि मग ते घरात राहिलं. मामा आला, त्याने तेच म्हटलं. शाळेतल्या बाईंनी तेच म्हटलं. मीही वर्षानुवर्षं तेच मानलं. मी माझ्या मैत्रिणींना सांगितलं, माझा भाऊ हसत गेला.

तो हसत गेला नव्हता, हे मला तुमच्या आजारपणात कळलं.

बार्शीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि ते तुमच्याशीच बोलायला लागले होते. चांगला माणूस होता. तुम्ही त्यांना मध्येच तोडलंत. "डॉक्टर, तुम्ही औषधाचं बोला." मग ते औषधाचं बोलले. उरलेलं त्यांनी बाहेर आम्हाला सांगितलं, मला आणि माझ्या भावाला, विलासला. विलास म्हणाला, नानांना काही सांगायचं नाही, खचतील. मी म्हटलं, त्यांना कळलंय. तो म्हणाला, कळलं असलं तरी आपण सांगायचं नाही. आमच्या वयाची माणसं मरणाबद्दल बोलत नाहीत, नाना, फायलीबद्दल बोलतात. फाईल घेतली का, फाईल कुठं ठेवली, फाईल त्या डॉक्टरलाही दाखवू. आम्ही दोघं भावंडं वर्षभर तेवढंच बोललो.

आई त्यातलं काही बोलली नाही. तिने एक दिवस मला मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं, "तुझ्या बापाला एक इचार. संजू कसा गेला ते इचार."

"म्हणजे?"

"त्यो हसत न्हाय गेला. लई भ्यालेला व्हता. ह्येंनी लोकाला सांगितलं हसत गेला, मग मला कुठं बोलायला जागाच न्हाय राहिली. मी कुणापाशी बोलायचं? समदे म्हणायचे, मास्तर सांगत्यात की. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय. जायच्या आधी."

मी विचारलं नाही; ते तिनेच विचारायला हवं, असं मला वाटलं. तिने विचारलं. तुम्हाला आठवत असेल, पेज भरवताना. मी औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होते.

"आवो, एकच म्हणा. पोरगं भ्यालं व्हतं, एवढंच म्हणा. दुसरं काय मागत न्हाय."

"तुला आत्ताच सुचतंय का हे?"

"आत्ता न्हाय तर कवा?"

"मला बरं होऊ दे. मग बोलू."

तुम्ही वाटी बाजूला सारलीत. आईने ती पुसून घेतली. नंतरही तिने विचारलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. एकदा तुम्ही म्हणालात, झालं ते झालं, त्याच्या आत्म्याला शांती मिळू दे. आई म्हणाली, "त्याला मिळाली आसंल. माझं काय?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुम्ही झोपला नव्हतात, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दगडूतात्या आले तो दिवस. ते तुमच्याहून मोठे. काठी टेकत आले, खाटेवर तुमच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "काय मास्तर, निघालाव व्हय?"

विलासने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता.

"आता ह्येला काय म्हणावं?" तात्या म्हणाले. "माझा नंबर आधी व्हता. म्या तुमच्या भाषणासाठी थांबलो व्हतो. तुमी मला 'मरणाचं सोनं' म्हणणार व्हता. आता तुमी चाललाव, माझं कोण बोलणार? त्यो चेअरमन? त्येला धड माझं नाव येत न्हाय."

मी हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तात्या गेल्यावर म्हणालात, "याला परत येऊ देऊ नका. याचं डोकं फिरलंय." तात्यांचं डोकं फिरलं नव्हतं. आयुष्यभर तुम्ही जे वाक्य दुसऱ्यांसाठी वापरलंत, ते स्वतःसाठी ऐकायची त्यांची तयारी होती. तुमची नव्हती. मला याचा राग येत नाही. भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण तुमच्याजवळ बसून एका बाईने तुम्हाला तुमच्या भीतीचं नव्हे, तिच्या लेकराच्या भीतीचं विचारलं होतं, आणि तेही तुम्ही देऊ शकला नाहीत.

शेवटच्या दिवशी तुम्ही खाटेची पट्टी धरून ठेवली होती. विलास तुमची बोटं सोडवत होता. तुम्ही म्हणत होतात, सोलापूरला न्या, गाडी बोलवा. गाडी बोलावली होती. ती येडशीच्या पुढं आली तोवर तुम्ही गेला होतात. मी एवढंच लिहिते, कारण तिथं मी होते आणि मी बघितलं. तुम्ही हसत गेला नाहीत.

आणि मग ओढ्याकडून सरपंचांचा आवाज आला. "गुरुजींनी या गावाला मरणाकडं कसं बघायचं ते शिकवलं. आणि गुरुजी स्वतःसुद्धा हसत गेले."

अंगणात पंधरा-वीस बायका होत्या. कुणी पदर सारखा करत होती, कुणी डोळे पुसत होती. आईने मान वर केली आणि ती मोठ्याने म्हणाली, "ह्ये बी हसत गेले व्हय?"

 तिकडं स्पीकरवर चेअरमन सुरू झाले. आणि आरोही, विलासची पोरगी, चौथीत आहे ती, माझ्या मांडीवरून उठून आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, आजोबा हसत नव्हते. त्यांना भीती वाटत होती. ते मला म्हणाले होते."

"कवा?"

"मी विचारलं तेव्हा. मी विचारलं, तुम्ही मरणार का? पप्पा म्हणतात ते विचारायचं नाही. पण तेव्हा घरात कुणी नव्हतं."

"मग काय म्हणले?"

तिने सांगितलं. मी बातमीदार आहे, ऐकलेलं लक्षात ठेवायची मला सवय आहे, म्हणून तिचे शब्द तसेच देते. "ते म्हणाले, हो. मला भीती वाटते. संजूकाकाला पण वाटत होती. तो पण तुझ्यासारखंच विचारत होता, सारखा सारखा. मी त्याला गप बस म्हटलं आणि बाहेर गेलो. मग म्हणाले, जा आता, खेळायला जा."

आई रडली. तुम्ही गेल्यावर ती रडली नव्हती, तेव्हा रडली. शेजारच्या काकूंनी आरोहीला बाजूला घेतलं आणि दटावलं, असं बोलू नये बाळा.

त्या रात्रीपासून मी एकच विचार करत राहिले, नाना. तिला का? माझ्या आईने तीस वर्षं वाट बघितली, वाटी हातात धरून विचारलं, आणि तुम्ही ते चौथीतल्या पोरीला दिलंत आणि वर तिला खेळायला पाठवलंत. कारण मला कळतं. माझ्या धंद्यात ते रोज दिसतं. माणूस खरं सांगतो ते ज्याच्याकडून हिशोब मागितला जाणार नाही अशा कुणाला तरी. आरोही तुम्हाला नंतर काही विचारणार नव्हती. तुमच्यावर रुसणार नव्हती. आईला सांगितलं असतं, तर तुम्हाला तिच्याकडं बघत आणखी काही दिवस काढावे लागले असते. तेवढे तुम्हाला जड गेले. तुम्ही स्वतःचं मन हलकं करून घेतलंत. तिचं केलं नाहीत.

मग दुसरी गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी आई आरोहीला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "आजोबा काय म्हणले, सांग." आरोही सांगायची. पण ते दर वेळी थोडं वेगळं व्हायला लागलं. आधी 'गप बस' गेलं. मग 'बाहेर गेलो' गेलं. मग एक दिवस तुम्ही संजूला पाणी पाजलं होतं. मग तुम्ही त्याच्याजवळ बसला होतात. एका साक्षीदारावर बातमी छापू नये, हे मी ऑफिसात नवीन पोरांना शिकवते. इथं साक्षीदार एकच होती, नऊ वर्षांची, आणि तिच्यासमोर बसलेल्या बाईचे डोळे भरले की ती जबानी बदलत होती. मी विलासला विचारलं, तू तिला काही सांगितलंस का? तो म्हणाला, "काय वाईट केलं? आजीला बरं वाटेल असं सांग, म्हटलं. लेकरू आहे. उगाच कशाला आईला त्रास?" तो तुमचाच मुलगा आहे, नाना. त्याच्या आवाजातसुद्धा तुम्ही होतात. आता आरोहीलाही कुठल्या वयाच्या माणसाला काय सांगायचं ते कळू लागलं होतं.

मला वाटलं आईला हे चालतंय. एवढी वर्षं काहीच मिळालं नाही, आता गोड मिळतंय तर ती घेतेय. मी तिला टोकलं नाही.

काल दुपारी आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. आरोही सुपातले खडे काढत होती. मी दारात होते, बॅग भरून झाली होती, धाराशिवला निघायचं होतं. आरोहीने आपणहूनच सुरू केलं.

"आजोबा म्हणाले, मी संजूकाकाचा हात धरला होता. आणि त्याला म्हटलं, घाबरू नको."

आईचा हात सुपात थांबला.

"ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"आजोबांनी."

"खरं सांग."

"थोडंसं पप्पांनी. थोडंसं मी."

आईने तिचा हात धरून तिला आपल्याकडं वळवलं. रागाने नव्हे. "हात म्या धरला व्हता, आरू. तुझा आजोबा दारात उभा व्हता, मग तिथनं बी गेला. तू अंगणात पहिल्यांदा सांगितलं व्हतंस ना, तेच सांग. दुसरं सांगायचं न्हाय."

"पण ते ऐकून तू रडतेस."

"रडू दे की. माझं लेकरू हाय, मी न्हाय रडायचं तर कुणी रडायचं?"

आरोहीने माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तिने पहिलं सांगितलं. गप बस म्हटलं, बाहेर गेलो, जा आता खेळायला. एकही शब्द जास्त नव्हता, एकही कमी नव्हता. आईने ते डोळे न पुसता ऐकलं.

मग थोडा वेळ दोघी तूर निवडत राहिल्या. मी बॅग खाली ठेवली.

"आजी, काका खूप घाबरला होता का?"

"लई. माझं बोट सोडत नव्हता."

"सारखं विचारत होता?"

"व्हय. माय, म्या मरतोय का, माय, म्या मरतोय का."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हणलं, म्या हाय इथंच. कुठं जात न्हाय."

"मग?"

"मग इचारायचा थांबला."

एवढंच होतं, नाना.